भार देवावर, हात जात्यावर

संकट आले की माणसाच्या तोंडी बहुधा दोनपैकी एक वाक्य येते. एक, 'माझे मी बघून घेईन.' दुसरे, 'आता देवच काय ते बघेल.' पहिल्यात ताठा असतो, दुसऱ्यात हात टेकलेले असतात. वारकरी संतांनी सांगितलेला देवावरचा विश्वास या दोन्हींत बसत नाही. तो नेमका कसा आहे हे समजून घ्यायला परभणी जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, कारण संत जनाबाई इथल्या गंगाखेडच्या. संत नामदेवांचा अहंकार जिथे गळाला असे मानतात, ते औंढा नागनाथही पूर्वी याच जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आजही आषाढी वारीत औंढा, परभणी आणि गंगाखेड अशीच येते.

जनाबाई कोण होत्या?

परंपरेनुसार गोदाकाठच्या गंगाखेडला दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त जोडप्याच्या पोटी जनाबाईंचा जन्म झाला. घरची गरिबी. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि तिथेच दासी म्हणून राहिल्या. आईबापांचे छत्र हरपल्यावर त्यांनी विठ्ठलालाच मायबाप केले. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. नामदेव आणि त्यांच्या परिवाराबरोबर १३५० मध्ये जनाबाईंनीही पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली, असे वारकरी मानतात. गंगाखेडला त्यांचे मंदिर आहे आणि पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात त्यांचे जाते म्हणून एक जाते दाखवले जाते.

दासीकडे स्वतःच्या बळावर भरवसा ठेवावा असे काहीच नव्हते. जमीन नाही, माहेर नाही, बोलायचा अधिकार नाही. त्यामुळे 'स्वतःवर की देवावर' हा प्रश्न तिच्यापुरता पोथीतला राहत नाही, रोजच्या जगण्यातला होतो.

कष्टात विश्वास कसा दिसतो?

जनाबाईंच्या कथांमध्ये विठ्ठल दळायला बसतो, शेण वेचतो, पाणी भरतो, तिची वेणीही घालतो. या कथांचा चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. देव मदतीला आला म्हणून जनाबाईंनी काम टाकले, असा या कथांचा सूर नाही. दळण त्यांचेच आहे, खुंटा धरायला दुसरा हात आला एवढेच. देवावर भार टाकणे म्हणजे काम टाकणे नव्हे. 'हे सगळे माझ्या एकटीच्या खांद्यावर आहे' ही भावना तेवढी खाली ठेवायची.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोलण्याची. जनाबाई विठ्ठलावर रागावतात, त्याला खडसावतात, प्रसंगी शिव्याही देतात. तक्रार केली म्हणजे श्रद्धा ढळली, असा समज असलेल्यांनी हे अभंग वाचावेत. ज्याच्यावर हक्काने रागावता येते, त्याच्यावरच विश्वास असतो.

खोटा आळ आला तर?

महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथाने संतांच्या अनेक आख्यायिका घराघरांत पोचवल्या. जनाबाईंची पदकाची कथा त्यांपैकी सर्वांच्या ओळखीची. विठ्ठल रात्री जनाबाईंच्या झोपडीत आला आणि पहाटे घाईत आपला शेला व रत्नपदक तिथेच विसरून त्यांची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या अंगावर दागिना नाही. आळ अर्थातच दासीवर आला. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेले, आणि सुळाचे पाणी झाले.

ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा नाही. पण ती सांगणाऱ्यांना काय म्हणायचे आहे ते स्पष्ट आहे. दागिना हरवला की आधी कोणाची झडती होते, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते आणि आजच्यांनाही आहे. अशा वेळी आपली बाजू मांडायला वजनदार माणूस नसेल, तर माणूस आतून मोडतो. 'खरे काय ते देवाला माहीत आहे' हा आधार त्या क्षणी त्याला ताठ उभे ठेवतो.

मोह म्हणजे फक्त पैसा नव्हे

मोहाच्या कथाही वारकऱ्यांकडे भरपूर आहेत. पंढरपूरचे राका कुंभार आणि त्यांची पत्नी बंका यांची कथा घ्या. वाटेत पडलेले सोने पाहून बायकोला मोह होऊ नये म्हणून राका त्यावर माती लोटू लागले. बंकेने त्यांनाच विचारले, मातीवर माती कशाला टाकता? इथे मोहाची खरी कसोटी राकांची लागली. सोन्याचे सोनेपण त्यांच्या मनातून अजून गेले नव्हते.

नामदेवांची गोष्ट याहून सूक्ष्म. विठ्ठल आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे जेवतो, म्हणून आपण सर्वांत जवळचे भक्त, असे त्यांना वाटू लागले. संतमेळ्यात गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाकांनी, मडकी थापायचे थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले आणि 'कच्चे मडके' ठरले. मग ते विसोबा खेचरांकडे गेले. औंढ्याच्या परंपरेत सांगतात ते असे: विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी हटकल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. जिथे पाय ठेवावे तिथे पिंडी दिसू लागली, आणि नामदेवांनी त्यांना गुरू केले.

सोन्याचा मोह ओळखू येतो. 'मी भक्त आहे, मला काय होणार' हा मोह भक्तीच्याच वेषात येतो, म्हणून तो जास्त घातक.

माळ कशासाठी घालतात?

मोह आला की तेव्हाचे तेव्हा बघू, हा स्वतःवरचा फाजील विश्वास. वारकरी संप्रदाय माणसाच्या मनोबलावर सगळे सोडून देत नाही, आधीच कुंपण घालतो. गळ्यात तुळशीची माळ घालताना माळकरी काही गोष्टी पत्करतो:

- मद्य आणि मांस वर्ज्य करणे
- परधन आणि परस्त्री यांपासून दूर राहणे
- एकादशीचा उपवास
- रोज हरिपाठ आणि नामस्मरण
- आषाढी किंवा कार्तिकीची पंढरीची वारी

यातली शेवटची तीन कामे रिकामा वेळ भरतात आणि सोबत देतात. गावातले भजनी मंडळ, कीर्तन, दिंडी यांत माणूस एकटा राहत नाही. दारू सोडायला माळ उपयोगी पडली, असे सांगणारी माणसे मराठवाड्यातल्या गावागावांत भेटतात. त्यामागे श्रद्धा आहेच. शिवाय माळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे ती मोडताना चार माणसे विचारतात.

कोरडवाहू शेतीत देवाचा वाटा किती?

परभणीचा शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर घेतो आणि बराचसा पावसावर अवलंबून असतो. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना आठवतो. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झाले, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. देवावरचा भरवसा आणि विद्यापीठातले शेतीचे ज्ञान या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. वाण कोणते घ्यावे, पेरणी कधी करावी, पीक विमा भरावा की नाही, हे माणसाने विचारून, शिकून ठरवायचे. पाऊस कधी पडेल आणि भाव काय मिळेल हे त्याच्या हातात नाही. 'पीक बुडाले म्हणजे मीच नालायक' असा निष्कर्ष काढणारा माणूस आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींचा दोष स्वतःला देत असतो. तो भार देवावर टाकायचा आहे.

काय टाळावे?

देवाच्या नावाने जो पैसे मागतो, उपचार बंद करायला लावतो किंवा भीती घालतो, त्याच्यावरचा विश्वास हा देवावरचा विश्वास नव्हे. करणी, भूत उतरवणे असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. संतांनीही नवस-सायासांवर कोरडे ओढले आहेत.

आणि संकटात गप्प बसणे टाळावे. जनाबाई विठ्ठलाशी बोलत राहिल्या, संतांच्या सोबतीत राहिल्या. कर्ज, आजारपण किंवा व्यसन यांनी जीव नकोसा झाला असेल, तर घरच्यांशी, भजनातल्या सोबत्याशी, डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. तो फिरवल्याने देवावरची श्रद्धा कमी होत नाही. मदत मागणे हीसुद्धा 'माझे मी बघून घेईन' हा हट्ट सोडण्याचीच पहिली पायरी आहे.