समोर दिसतं, पण असतं का?

आपल्या उरणात कुणाचा नवरा बोटीवर असतो, कुणाचा मुलगा परदेशी. व्हिडिओ कॉल लागला की जिवाला बरं वाटतं. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे, होलोग्रामची. माणूस दूर, पण त्याची उभी आकृती आपल्यासमोर! ही जादू नाही, उजेडाचा खेळ आहे. तो कसा चालतो ते आज समजून घेऊ.

रात्री एसटीत दिवे लागले की खिडकीकडे बघा. आपला चेहरा काचेबाहेर अंधारात तरंगताना दिसतो. याच युक्तीने १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत उभं केलं होतं. नट लपलेला, त्याच्यावर झगझगीत उजेड आणि प्रेक्षकांसमोर तिरकी काच, एवढंच.

दिल्लीला इंडिया गेटजवळ २३ जानेवारी २०२२ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फूट उंच पुतळा दिसू लागला, तोही नुसत्या उजेडाचा. प्रोजेक्टरचा झोत जवळजवळ पारदर्शक पडद्यावर पडत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे ग्रॅनाइटचा पुतळा बसला. अशा देखाव्यांनाही लोक होलोग्रामच म्हणतात. शास्त्रातला होलोग्राम वेगळा. काही एटीएम कार्डांवर तिरकं धरलं की चमकणारं चित्र असतं, तो त्यातला.

पण नुसतं दिसून गप्पा होत नाहीत. इकडे आपण हात हलवला, तर तिकडे आपल्या आकृतीचाही हलायला हवा. त्यासाठी हालचाल टिपणारा सेन्सर लागतो. २०१० साली आलेलं मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट हे यंत्र डोळ्यांना न दिसणारे ठिपके खोलीभर टाकायचं. माणूस पुढेमागे झाला की ठिपके सरकायचे, आणि त्यावरून यंत्राला अंतर कळायचं. २०१६ साली याच कंपनीने अनेक कॅमेरे लावून माणसाची हलती आकृती दुसऱ्या खोलीत दाखवली. ती बघायला मात्र डोळ्यांवर खास चष्मा चढवावा लागला.

आता आपल्या कामाची गोष्ट. समोर दिसते ती यंत्राने जुळवलेली आकृती. आज कॉम्प्युटर कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवतो, साध्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा. आपल्याकडे म्हणतातच, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा. तो फोनवर लिहून पाठवू नका. ओळखीच्या चेहऱ्याने घाईने पैसे मागितले, तर तो शब्द विचारा. कॉल बंद करून नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावा. कुणी ‘डिजिटल अटक’ म्हणून धमकावलं तर घाबरू नका. असली अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणींना सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर आधी सांगा.