चिमणरावांचे बिऱ्हाड

नाहूरला रेल्वेचे स्टेशन झाले ते २००६ साली. त्याआधी आपण भांडुपला किंवा मुलुंडला उतरून पायी येत असू. मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच्याही तीस वर्षे मागची. आमच्या चाळीत तेव्हा दूरदर्शनचा संच एकच होता, आणि तोही कृष्णधवल. ज्या संध्याकाळी ‘चिमणराव’ असत, त्या संध्याकाळी त्या घरचा दरवाजा कोणी लावीत नसे. आत मुले जमिनीवर, मागे बायका, आणि दारात कारखान्याची पहिली पाळी उरकून आलेली पुरुषमंडळी उभी.

१९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका विजया जोगळेकर यांनी सादर केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्याला आता पन्नास वर्षे होत आली, तरी चिमणराव म्हटले की वयस्क माणसाच्या चेहऱ्यावर हसू उमटते. असे का व्हावे?

यावर एक झटपट उत्तर मिळते : तेव्हा वाहिनी एकच होती, लोक काय वाटेल ते पाहत. पण मला हे उत्तर पटत नाही. त्याच वाहिनीवर दिसलेले इतर कितीतरी कार्यक्रम आपण साफ विसरलो. शिवाय चिमणरावांचा जन्म काही दूरदर्शनवर झालेला नाही. चिं. वि. जोशी हे बडोद्यातले पालीचे प्राध्यापक. बुद्धाच्या वाङ्मयाचा व्यासंग करता करता त्यांनी पुण्यातला हा कारकून घडवला, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या कथांची पुस्तके घरोघर गेली. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी उभी केली. चिं. वि. १९६३ साली वारले. त्यांनी ही मालिका पाहिलीच नाही. पुस्तक, बोलपट, दूरदर्शन अशी तीन माध्यमे आणि चार दशके जो माणूस टिकला, त्याच्यात स्वतःचेच काही असले पाहिजे.

त्या बिऱ्हाडाकडे पाहा. चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. सगळे घर पाखरांचे! आणि या पाखरांत येऊन-जाऊन असणारा धिप्पाड गुंड्याभाऊ. चिमणराव अंगाने किरकोळ, मनाने भित्रे. मात्र आपण भित्रे आहोत हे जगाला कळू नये, एवढीच त्यांची धडपड. माझ्या मते सारे मर्म येथे आहे. नुसत्या वेंधळ्या माणसाला आपण एकदा हसतो आणि विसरतो. पण जो आपल्या ऐपतीपेक्षा बोटभर उंच दिसू पाहतो आणि तेवढ्यासाठीच आपटतो, त्याची फजिती आपल्या ओळखीची असते.

इंग्रजांच्या विनोदी मालिकांतही हेच दिसते. ‘डॅड्स आर्मी’ ही बीबीसीची मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली. तिच्यात युद्धकाळी म्हाताऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीवर कप्तान होऊन बसलेला एक बँक मॅनेजर आहे. त्याचा रुबाब आणि त्याची पलटण यांचा मेळ कधी बसत नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’चे भाग अवघे बारा. तिच्यातल्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांचा तिटकारा, आणि हॉटेल सोडून जाणे तर शक्य नाही. असल्या कथांत माणूस नेहमी कोठेतरी अडकलेला असतो, आणि पुढच्या भागात पुन्हा तेथेच सापडतो. चिमणराव संसारात अडकले आहेत. फरक एवढाच की त्यांचा संसार त्यांना टाकत नाही. नवऱ्याचे पाणी काऊ ओळखून आहे, तरी ती त्याला चारचौघांत उघडे पाडत नाही. त्या इंग्रज हॉटेलवाल्याची बायको असे करती, तर ती मालिका दोन भागांत संपली असती!

पुस्तकात चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतात, आणि सांगता सांगता नकळत स्वतःचे पितळ उघडे करतात. पडद्यावर हे साधणे कठीण, कारण तेथे माणूस साक्षात समोर उभा. प्रभावळकरांनी ते चेहऱ्यावर साधले. तोंडात बेफिकिरीचे शब्द, आणि डोळे मात्र सुटकेची वाट शोधताहेत. आमच्या शेजारचे एक मालवणी गृहस्थ कारखान्यात फिटर होते. त्यांनी पुण्यातली एकही पेठ पाहिली नव्हती. ते दारात उभे राहून म्हणायचे, “सायबासमोर माजा असाच होता!”

त्यातले सगळेच आज टिकेल असे मी म्हणणार नाही. ते पांढरपेशे पुणे आता उरले नाही, आणि बायकांच्या वाट्याला आलेल्या काही थट्टा आज ऐकवत नाहीत. ते असो.

मला खरी रुखरुख दुसरीच आहे. त्या काळी चित्रफिती महाग असत, म्हणून जुने पुसून त्यांच्यावर नवे भरीत. बीबीसीतही हेच चाले. ‘डॅड्स आर्मी’चे काही भाग असेच गेले, त्यांतले दोन २००१ साली सापडले. आपल्या ‘चिमणराव’चे आज मोजकेच भाग पाहावयास मिळतात. घरी मुद्रण करून ठेवण्याची सोय तेव्हा आपल्यापैकी कोणाकडे होती? बाळ कर्वे २०२५ साली गेले. त्यांना लोक अखेरपर्यंत गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत.

येथे पुढच्या रांगांत बरीच पांढरी डोकी दिसत आहेत. त्यांना माझी विनंती आहे : आज घरी गेल्यावर एखादा प्रसंग, एखादे वाक्य, कोणाच्या घरी बसून पाहिले ते, जे आठवेल ते वहीत उतरवून ठेवा. वही नसेल तर नातवंडांना सांगा, ती लिहून घेतील.