मुलीच्या हाती इमारतीचा हिशोब

शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारीक गार्डन ही पाच मजली इमारत बसली. १६ जण गेले. हा काही ब्रिटिश काळातला पडका वाडा नव्हता, जेमतेम दहा वर्षांची इमारत होती. दोन्ही वेळी मृतांच्या यादीत आपल्याकडची कितीतरी नावे होती. आपण दुआ केली, बिल्डरला शिव्या घातल्या आणि पुन्हा तशाच इमारतींत स्वस्त फ्लॅट शोधू लागलो.

अशा इमारतींचा हिशोब कोणी केला होता, हे आपल्या मोहल्ल्यात कोणी विचारत नाही. हिशोब पैशाचा नव्हे, वजनाचा. आर्किटेक्ट नकाशा काढतो, खोल्या आणि खिडक्या मांडतो. पण इमारत स्वतःचे वजन, आतल्या माणसांचे वजन, वारा आणि भूकंपाचा हादरा पेलून उभी कशी राहील, खांब किती जाड, सळई किती आणि नेमकी कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे असते.

वर्गात आम्ही हे खोडरबराने दाखवतो. लांबट खोडरबराची दोन टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोट दाबा. खालची बाजू ताणली जाते, वरची आवळली जाते. काँक्रीट आवळणे भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. तो सळईने घ्यायचा. म्हणून खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात सळई खालच्या अंगाला असते. आता तेच रबर एका टोकाने टेबलावर घट्ट धरा, दुसरे टोक हवेत राहू द्या आणि त्यावर दाब द्या. ही झाली गॅलरी. इथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळईही वर हवी. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवर चालले आणि सळई खाली दबली, तर लोखंड पुरेसे असूनही गॅलरी धोक्यात येते. “मग आमच्या गॅलरीत सळई वर आहे की खाली?” असे विचारणारी एखादी मुलगी दरवर्षी निघतेच. तिच्या अम्मी-अब्बांसाठी हे लिहीत आहोत.

मुलींनी या क्षेत्रात जायची सुरुवात अलीकडची नाही. पी. के. त्रेसिया यांनी चेन्नईजवळच्या गिंडी कॉलेजातून १९४४ साली सिव्हिलची पदवी घेतली आणि १९७१ मध्ये त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले, आयआयटी मुंबईत शिकवले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चांगली नोकरी आणि मान होता.

त्यांचे खरे काम मात्र त्यानंतरचे. डोंगराळ भागात पूल बांधायचा तर मोठे अवजड भाग अरुंद रस्त्याने न्यायचे कसे आणि क्रेन चढवायची कुठून? शिवाय प्रत्येक दरीची रुंदी वेगळी, म्हणजे प्रत्येक पुलाची आखणी नव्याने. शकुंतलाबाई आणि त्यांचे पती अनिरुद्ध भगत, जे मेकॅनिकल इंजिनिअर होते, यांनी यावर उपाय काढला. पोलादाचे ठरावीक मापाचे थोडेच भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर नेऊन हव्या त्या लांबी-रुंदीत जोडायचे. मुले खेळण्यातले ठोकळे जोडतात, तसेच. हे भाग जोडणाऱ्या खास सांध्याचे, युनिशिअर कनेक्टरचे, त्यांनी पेटंट घेतले. १९७० मध्ये दोघांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. सरकारी खाती नव्या पद्धतीला हात लावायला कचरत होती, तेव्हा त्यांनी स्वतःचा पैसा घातला. १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत पहिले दोन लहान पूल चार महिन्यांत उभे राहिले. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल झाले होते.

शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे स्वतः पूल बांधणारे नामवंत इंजिनिअर. म्हणजे घरातच या कामाची चर्चा होती. असेच दुसरे एक घर आहे. हजला जाऊन आलेल्यांनी जेद्दा विमानतळावरचे हज टर्मिनल पाहिले असेल. तारांवर ताणलेल्या २१० पांढऱ्या तंबूंचे ते छत. त्याच्या रचनेमागे फजलूर रहमान खान यांचे डोके होते. ते १९२९ साली ढाक्यात जन्मले, वालिद गणिताचे शिक्षक. शिकागोचा ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर उभा राहिला तो त्यांच्याच हिशोबावर. त्यांची मुलगी यास्मिन सबीना खान याही स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि वडिलांच्या कामावर त्यांनी पुस्तकही लिहिले आहे.

“त्यांचे बाप इंजिनिअर होते, आमचे काय?” असे कोणी म्हणेल. आपल्याकडे इंजिनिअर बाप कमी, हे खरे. पण सेंटरिंगचे काम करणारे, सळई बांधणारे, वेल्डर, फॅब्रिकेशनवाले, गवंडी किती घरांत आहेत ते मोजून पाहा. सळईवर काँक्रीटचे कव्हर कमी राहिले की ती गंजते आणि फुगून काँक्रीट फोडते, हे अशा अब्बांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. ते ही गोष्ट मुलाला सांगतात, कामावर नेतात. मुलीला सांगायचे राहून जाते, आणि गणितात पहिली येते ती मात्र बहुधा तीच.

आता वाट कशी ते पाहू. दहावीनंतर दोन रस्ते आहेत. पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि त्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घ्यायचा. नाहीतर भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बारावी, मग सीईटी आणि चार वर्षांची पदवी. उर्दू माध्यमातल्या मुलींना आम्ही पहिला रस्ता सुचवतो. गणित त्यांना येत असते, अडते ते इंग्रजी शब्दांवर. मुसल्लसचा ‘ट्रँगल’ आणि ज़ावियाचा ‘अँगल’ व्हायला वेळ लागतो, तो डिप्लोमात मिळतो. स्ट्रक्चरलचे खास शिक्षण पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या एमई किंवा एमटेकमध्ये होते.

पण मुलगी इंजिनिअर घडते की नाही, याचा निकाल पदवीनंतर लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही करायची तर सिव्हिल पदवीनंतर या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. स्ट्रक्चरलची पदव्युत्तर पदवी असेल तर दोन. नेमक्या याच वर्षांत आपल्याकडे निकाहाची घाई होते. प्रमाणपत्राला चौकट बसते आणि मुलगी दुसऱ्या शहरात जाऊन ट्यूशन घेऊ लागते. निकाह करू नका, असे आमचे म्हणणे नाही. रिश्ता ठरवताना फर्निचरची बोलणी होतात, तशी या अनुभवाच्या वर्षांचीही व्हावीत, एवढेच.

साइटची धास्ती खोटी नाही. अनेक साइटवर बाईसाठी धड संडास नसतो, आणि एकदा सुरू झालेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही, काम रात्रीवर जाते. म्हणून नोकरी घेण्यापूर्वी वडिलांनी किंवा भावाने एकदा जागा पाहून यावे, जाण्या-येण्याची सोय विचारावी. साइट टाळून डिझाइन ऑफिसात संगणकावर काम करता येते, आणि बऱ्याच मुली ते छान करतात. तरीही ज्या इंजिनिअरने सळई बांधताना पाहिलेली नाही, तिच्या ड्रॉइंगमध्ये कधी कधी अशा सळया येतात की कारागिराचा हातच आत जात नाही. सुरुवातीचे वर्ष-दीड वर्ष साइटवर काढलेली मुलगी पुढे घरून डिझाइन करते, तेव्हा तिचे ड्रॉइंग वेगळे दिसते.

आणखी एक काम आहे, जे आमच्या मते आपल्या मुलींना जास्त जमेल. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. ऑडिटला बाहेरून इमारत पाहून चालत नाही. घराघरात शिरून मोरी, किचनचा ओटा, पलंगामागचा खांब तपासावा लागतो, काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारून त्याचा कस पाहावा लागतो. दुपारच्या वेळी घरी बायकाच असतात. अनोळखी पुरुष दारात आला की “साहेब घरी नाहीत” म्हणून दार लागते आणि तो फ्लॅट न पाहताच अहवालात जातो. बाई आली तर तिला चहाही मिळतो आणि तडा कधीपासून आहे, कपाट सरकवून कोणी झाकला, हेही कळते.

खर्चाचे शेवटी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरते. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. मोमीन, कसाई, पिंजारी अशा ज्या बिरादऱ्या ओबीसीत आहेत त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, आणि ज्या कोणत्याच आरक्षणात नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढायचा. तहसील कचेरीत जून महिन्यात रांग लांब असते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ गावच्या शाळेतून आणायचा असेल, तर मुलगी नववीत असतानाच कोणीतरी गावी जाऊन यावे.