सरासरीच्या आड लपलेलं कलघटगी

'दरडोई उत्पन्न' हा शब्द आपण अर्थशास्त्राच्या तासाला पाठ केलेला असतो. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागलं, की झालं! पण या भागाकारात काय हरवतं, ते मला मध्य अमेरिकेतल्या देशांची तुलना वाचताना नीट उमगलं. म्हणून हा लेख.

मेक्सिको आणि कोलंबिया यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सात देश आहेत. बेलीझ सोडला तर बाकी सहा देशांची भाषा स्पॅनिश. इतिहास पुष्कळसा सारखा, कॉफी-केळीची शेतीही बहुतेक ठिकाणी तीच. तरी आजचं चित्र किती वेगळं!

पनामाचं दरडोई उत्पन्न या भागात सर्वांत जास्त. 1914 मध्ये सुरू झालेला कालवा 1999 च्या अखेरीस पूर्णपणे त्यांच्या हाती आला. बँका, बंदरं, व्यापार वाढला. पण ही भरभराट मुख्यतः कालव्याच्या आसपास. त्याच देशाच्या आदिवासी मुलखात दारिद्र्य ठाण मांडून बसलंय. ग्वाटेमालाची अर्थव्यवस्था आकाराने सर्वांत मोठी, पण तिथली पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुलं कुपोषणामुळे वयाच्या मानाने खुजी. होंडुरास आणि एल साल्वादोरमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त रक्कम परदेशी गेलेली माणसं घरी पाठवतात. पैसा येतो, पण घरातली कर्ती पोरं दूर असतात, हे त्या आकड्यात कुठं दिसतं? याउलट कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच बरखास्त केलं आणि शाळा-दवाखान्यांवर भर दिला. उत्पन्न पनामाहून कमी, पण तिथलं सरासरी आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचं आहे.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जनगणनेत धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 18 लाख 47 हजार होती. त्यातले 9 लाख 43 हजार लोक एकट्या हुबळी-धारवाड शहरात. म्हणजे जिल्ह्याची सरासरी काढली, की निम्म्याहून अधिक वजन शहराचंच. पाळण्यांसाठी नावाजलेलं आमचं कलघटगी, तिथली भात-कापसाची शेती, एस.टी.ची वाट बघणारी कॉलेजची पोरं, हे सगळं त्या आकड्याच्या आड जातं.

डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 च्या अहवालात हा पडदा बाजूला सारला. तिने जिल्हा नव्हे, तालुका हे माप धरलं. शेती, उद्योग, बँका, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा गोष्टींचे 35 निकष लावले आणि राज्याची सरासरी 1 मानली. राज्यातल्या 175 पैकी 114 तालुके त्याखाली निघाले; त्यांतले 39 सर्वांत मागास. हुबळी आणि धारवाड पुढारलेल्यांत, तर शेजारचं कलघटगी मागासांत! महाराष्ट्रात 1984 मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने 'अनुशेष' मोजला होता. तिथं माप होतं जिल्हा. दोन्ही कामं महत्त्वाची, पण माप बदललं की कोण दिसतं आणि कोण लपतं, तेही बदलतं.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. नंजुंडप्पा समितीने मागास तालुक्यांसाठी आठ वर्षांची खास योजना सुचवली होती. जो तालुका मोजलाच जात नाही, त्याच्या वाट्याला निधी कसा येणार? आणि शाळा-दवाखाना नीट नसेल, तर शिकलेला माणूस गाव सोडणारच. होंडुरासचा असो की कलघटगीचा.

तेव्हा मित्रहो, 'अमुक जिल्हा पुढे' अशी बातमी वाचली, की तीन प्रश्न विचारूया. ही सरासरी कुणाकुणाची मिळून झालीय? पैसा वाढला, तशी मुलांची तब्येत आणि शिक्षण सुधारलं का? आणि कमावणारी माणसं गावात राहिलीत का? जिल्ह्याच्या सांख्यिकी पुस्तिकेत तालुकावार आकडे असतात. ती कन्नडमध्ये असली म्हणून काय झालं? घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेल्या आपल्यासारख्यांना ते आकडे वाचून इथं मराठीत मांडता येतील. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपापला तालुका घ्यावा, असं मला वाटतं.