अॅडिलेड नदीकांठची दफनभूमि

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकास डार्विन हें बंदर आहे. तेथून दक्षिणेस मोटारीनें सुमारें 115 किलोमीटर गेलें म्हणजे अॅडिलेड रिव्हर नांवाचें चिमुकलें गांव लागतें. अॅडिलेड शहराशीं त्याचा घोटाळा करूं नये; तें येथून जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर आहे. नदीवरील पूल, 1976 सालीं बंद पडलेल्या रेल्वेचें स्टेशन (तेथें आतां संग्रहालय आहे) आणि एक खाणावळ, एवढाच गांवाचा पसारा! खाणावळींत 1986 सालच्या एका गाजलेल्या चित्रपटांतील रेडा पेंढा भरून ठेवला आहे, आणि पुष्कळ प्रवासी त्यालाच पाहून पुढें निघतात.

वास्तविक या वस्तीचा जन्म तारायंत्रासाठीं झाला. 1870 ते 1872 या काळांत खंड ओलांडून तार टाकणाऱ्या मजुरांचा येथें तळ होता. पुढें याच तारेच्या व टपालाच्या खात्यांतील माणसें येथें चिरविश्रांतीस यावयाचीं होतीं.

19 फेब्रुवारी 1942 रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास 188 जपानी विमानें डार्विनवर आलीं. दुपारीं आणखी 54 आलीं. दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. सरकारनें मात्र प्रथम हा आकडा फारच कमी सांगितला. पोस्टाच्या आवारांतील खंदकावरच बाँब पडला. पोस्टमास्तर, त्यांची पत्नी व कन्या आणि कामावर असलेलीं इतर माणसें, त्यांत टेलिफोनवर काम करणाऱ्या तरुण स्त्रियाहि, तेथेंच गतप्राण झालीं. पोस्टाचेच नऊ कर्मचारी गेले. शहरांतील पुष्कळशा बायकामुलांना आधींच दक्षिणेस हलविलें होतें. संदेशांचें काम थांबूं नये म्हणून या स्त्रिया मागें राहिल्या होत्या.

नदीचें पाणी, रेल्वे आणि किनाऱ्यापासूनचें अंतर यांमुळें अॅडिलेड रिव्हर येथें लष्कराची कोठारें व इस्पितळें आलीं, आणि पाठोपाठ दफनभूमि. डार्विनचे मृतहि मागाहून येथें आणण्यांत आले. आज तेथें 434 सैनिकांच्या कबरी आहेत. ज्यांचे देहच सांपडले नाहींत अशा जवळजवळ तीनशें जणांचीं नांवें एका स्मारकावर कोरलेलीं आहेत. पुण्याजवळील खडकीची युद्धदफनभूमि ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना येथील हिरवळ व सरळ ओळी परक्या वाटणार नाहींत. दोन्ही एकाच राष्ट्रकुल संस्थेच्या शिस्तींतल्या आहेत. अधिकारी आणि शिपाई यांच्या कबरींत लहानमोठेपणा ठेवलेला नाहीं. येथें उभ्या शिळांऐवजीं बुटक्या उतरत्या बैठकींवर कांशाचे पत्रे बसविले आहेत; नांव वाचावयाचें तर वांकावें लागतें.

शेजारींच 63 नागरिकांच्या कबरी आहेत. पोस्टाचे ते नऊ कर्मचारी त्यांतच आहेत.

मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने प्रवासास सोयीचे. परंतु 25 एप्रिलला, पावसाळा नुकता ओसरत असतां, उजाडण्यापूर्वींच या लहानशा गांवीं दूरदूरून माणसें जमतात.