कणकेचा गोळा आधी, पेन्सिल नंतर

कणीक मळायला घेतली की दोन वर्षांचं मूल हमखास परातीजवळ येऊन उभं राहतं. त्याला पिटाळण्याऐवजी एक गोळा त्याच्या हातात द्यावा. आधी तो तळव्याने थापटला जातो, मग मुठीत आवळला जातो, मग त्यात बोट खुपसून भोक पडतं. शेवटी अंगठा आणि तर्जनीत धरून इवलासा तुकडा तोडला जातो आणि फरशीवर चिकटवला जातो. घरच्यांच्या लेखी हा पसारा असतो; बालशिक्षणाच्या भाषेत बोटांची तयारी.

ही तयारी सावकाश होते. नवजात बाळ तळव्याला लागेल ते घट्ट धरतं, पण ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. सतरंजीवरचा कण चिमटीत उचलणं साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमू लागतं. दीड वर्षाचं मूल तीन-चार ठोकळे एकावर एक रचतं. गोल पाहून गोल काढायला तिसरं वर्ष उजाडतं. मनगटाची हाडं तर जन्मतः कूर्चेचीच असतात आणि ती पक्की व्हायला पुढे कित्येक वर्षं जातात. अशा हाताला अडीचाव्या वर्षी ‘अ’ गिरवायला लावण्याची घाई कशासाठी, हे पालकांनाच ठाऊक!

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. खरखरीत कागदाची अक्षरं, बटणं लावायच्या चौकटी अशी त्यांची साधनं प्रसिद्ध आहेत, पण महागही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि तिथे शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हीच साधनं झाली. समुद्र आणि रान दोन्ही जवळ, मग विकत काय आणायचं?

घरातही तेच. टबात थोडं पाणी, एक फुलपात्र आणि स्पंज दिला की ओतणं आणि पिळणं सुरू होतं. ताटात रवा पसरला की बोटाने रेघा. जुनं वर्तमानपत्र फाडताना तर दोन हातांना एकाच वेळी उलट्या दिशांना जावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. काही मुलांना चिकट काही लागलं की किळस येते. त्यांना आधी चमचा आणि कोरडा रवा द्यावा, बळजबरी नको.

तीन वर्षांखालच्या मुलांसमोर मात्र शेंगदाणे, चणे, वाटाणे, मणी मांडू नयेत, कारण हातातलं तोंडात जातंच आणि घशात अडकतं. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे गोळे त्याहून वाईट. गिळले तर आतड्यात फुगून ते वाट अडवतात. आणि पाणी खेळताना मोठ्या माणसाने हातभर अंतरावरच बसावं, फोन बाजूला ठेवून. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की टब तिथल्या तिथे रिकामा करावा.