पेठेचा इतिहास आणि त्याची साक्ष : पुणे येथील स्थानिक संशोधनकार्याचा विचार

एखाद्या नगरातील जुन्या वस्तीचा वारसा जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जुनी घरे राखावीत, देवळांची डागडुजी करावी, थोर पुरुषांच्या निवासस्थानांवर शिलालेख बसवावेत, एवढ्याने काम भागते असा सर्वसाधारण समज आहे. पुण्याच्या पेठा आणि त्या पेठांतच वाढलेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांचा संबंध बारकाईने पाहिला असता हा समज अपुरा ठरतो. वस्तीच्या इतिहासाला कागदाची, वास्तूची आणि लोकस्मृतीची अशी तीन प्रकारची साक्ष असते. या तिन्ही साक्षी एकमेकींना अर्थ देतात. त्यांची फारकत झाली म्हणजे कागद हाती असूनही मुका होतो आणि घर उभे असूनही अनोळखी ठरते. स्थानिक इतिहास मंडळाचे खरे कार्य ही फारकत टाळण्याचे आहे.

मंडळाची स्थापना आणि तिची पार्श्वभूमी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८९८ मध्ये, राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला होता. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड निघाले. त्यांतील कागद गावोगावच्या घराण्यांच्या दप्तरांतून आले होते, आणि ते मिळविणे अत्यंत कष्टाचे होते. याचे एक कारण इतिहासातच सापडते. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांची कसून चौकशी चालविली. सनद हेच हक्काचे प्रमाण असल्यामुळे घराण्यांनी आपले कागद जिवापाड जपले, आणि त्याच कारणास्तव ते परक्याच्या दृष्टीस पडू दिले नाहीत. पुढील पिढ्यांना मोडी वाचता येईनाशी झाली. कागदाचे व्यावहारिक मोलही उरले नाही. तेव्हा हीच दप्तरे माळ्यावर कसरीच्या भक्ष्यस्थानी पडू लागली किंवा रद्दीच्या भावाने विकली जाऊ लागली. एकट्या संशोधकाच्या भटकंतीने हा ओघ थांबणे शक्य नव्हते. त्यासाठी कायम स्वरूपाची संस्था, ठेव स्वीकारणारे विश्वासाचे स्थान आणि कागद वाचणाऱ्यांची मंडळी हवी होती. ही गरज मंडळाने भागविली.

राजवाडे यांचे देहावसान १९२६ च्या अखेरीस धुळे येथे झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी त्या नगरात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याच्या मंडळाचे कार्य दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे प्रभृती अभ्यासकांनी दीर्घकाळ चालविले. मंडळाच्या नावात ‘भारत’ हा शब्द आहे आणि त्याच्या संशोधनाचे क्षेत्रही विस्तृत आहे. तथापि त्याची वास्तू सदाशिव पेठेत आहे आणि सभोवतालच्या नगराकडे त्याने कधी पाठ फिरविली नाही. १९४० च्या दशकात मंडळाने ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या नावाने खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. राज्याच्या इतिहासाबरोबर नगराचा आणि त्याच्या पेठांचाही इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्यास योग्य आहे, ही गोष्ट या खंडांनी मान्य करविली.

वास्तूवाचून कागद, कागदावाचून वास्तू

या दोन साक्षी परस्परांवर कशा अवलंबून असतात हे शनिवारवाड्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला गेला आणि १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. फेब्रुवारी १८२८ मधील आगीत आतील लाकडी इमारत जळून गेली. आज तेथे तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांची स्थाने एवढेच दिसते. या जोत्यांवर कोणते चौक होते, गणपती रंगमहालासारख्या दालनांत काय चाले, कोणत्या कामास किती खर्च आला, ही माहिती दगड देत नाहीत. ती दप्तरातील हिशेबांतून आणि पत्रांतून जुळवावी लागते. येथे कागदाने वास्तूला वाचा दिली आहे.

याच्या उलट प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. पेशवाईतील घरांच्या कागदांत घराचे माप पुष्कळदा खणांत दिलेले असते. घर पाच खणांचे, सोपा तीन खणांचा, असा उल्लेख येतो. खण म्हणजे लाकडी सांगाड्यातील दोन खांबांमधील अंतर. हे अंतर सर्वत्र सारखे नसे. उपलब्ध लाकडाची लांबी, मालकाची ऐपत आणि कारागिराची रीत यांप्रमाणे ते बदले. त्यामुळे कागदातील ‘पाच खण’ म्हणजे प्रत्यक्षात किती जागा, हे ठरविण्यास त्या काळचे घर उभे असावे लागते आणि त्याचे खांब मोजावे लागतात. ओसरी, माजघर, बळद, तळघर, चौकातील हौद या शब्दांचीही हीच स्थिती आहे. कोशात त्यांचा अर्थ मिळतो, पण त्यांचा परस्परांशी असलेला संबंध वाड्यात उभे राहिल्यावाचून कळत नाही. शेवटचा वाडा पडेल त्या दिवशी हजारो कागदांतील हे शब्द केवळ शब्द म्हणून उरतील.

चतुःसीमेचा पुरावा

वस्तीच्या इतिहासाचे एकक एकटे घर का असू शकत नाही, याचे सर्वांत बोलके प्रमाण जुन्या खरेदीखतांत आहे. अठराव्या शतकातील पुण्यात घरांना क्रमांक नव्हते. घराची ओळख पटविण्याकरिता पेठेचे नाव देऊन नंतर चतुःसीमा लिहीत. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचा वाडा, पश्चिमेस बोळ, उत्तरेस रस्ता, अशी ही नोंद असे. तेव्हा एका घराचा कागद त्या घराविषयी जितके सांगतो तितकेच शेजारच्या घरांविषयीही सांगतो. मात्र त्या घराची जागा नकाशावर निश्चित करावयाची तर शेजाऱ्यांचे कागद हाती असावे लागतात. एका कुटुंबाचे दप्तर नष्ट झाले म्हणजे त्याच्या भोवतालच्या घरांच्या सीमेचा एकेक पुरावा नष्ट होतो. पाच-सहा दप्तरे गेली की सबंध आळी जागेवरून सुटते. कागद राहतात, पण ते कोठे बसवावेत हे कळत नाही.

पेशवाईत घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे हे नगराच्या कोतवालाच्या कामांपैकी एक होते. पेशवे दप्तरातील सरकारी कागद आणि खाजगी दप्तरांतील खरेदीखते एकमेकांशी ताडून पाहता येतात ती यामुळेच. नवी पेठ वसविताना सरकारातून कौल दिला जाई, वसाहत करणाऱ्यांस काही वर्षे करांची सूट मिळे आणि शेटे-महाजनांचे हक्क ठरवून दिले जात. असा कौल, त्यानंतरची खरेदीखते आणि घराण्यांतील वाटणीपत्रे क्रमाने लाविली असता पेठ कशी भरत गेली हे दिसू लागते. सदाशिव पेठ माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ वसली. तिच्यातील हौदांना नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या नळाचे पाणी येई. या भुयारी नळावर ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास कोणाच्याही खाजगी मालकीचे नसल्यामुळे घराण्यांच्या दप्तरांत त्यांचा माग क्वचितच लागावा. त्यांचा शोध गल्लोगल्ली हिंडूनच घ्यावा लागतो.

नावांची साक्ष

तिसरी साक्ष लोकांच्या तोंडी असते. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, चिमण्या गणपती ही पुण्यातील देवांची नावे परक्यास थट्टेची वाटतात. त्यांमागे बाजार, व्यवसाय, तंटे आणि माणसे यांची स्मृती असते. विठोबाच्या देवळाजवळ पासोड्यांचा बाजार भरे असे सांगतात, तर मुरलीधराच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या मारामारीत रक्त सांडले अशी हकीकत आहे. अशा हकीकती जशाच्या तशा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत. परंतु कोणत्या ठिकाणी काय शोधावे याची दिशा त्या दाखवितात, आणि म्हणून त्या सांगणाऱ्या व्यक्तीच्या हयातीतच टिपून ठेवणे आवश्यक असते. नाव उरते आणि त्याचे कारण विसरले जाते, तेव्हा नवी आणि बहुधा निराधार कारणे निर्माण होतात. संशोधकाला मग आधी त्यांचे निराकरण करावे लागते.

ऱ्हासाची कारणे

पुण्याच्या पेठांवर आपत्ती अनेक आल्या. १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजेने नगर लुटून जाळले. १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत नष्ट झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंतींची जुनी घरे मोठ्या संख्येने कोसळली. या घटना सर्वांच्या लक्षात आहेत. त्याहून व्यापक हानी मात्र संथपणे आणि गाजावाजा न होता झाली आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाड्याचे मान १९४० मधील दराशी जखडले. भाडेकरूस त्यामुळे निवारा मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु अनेक बिऱ्हाडे असलेल्या वाड्याचे उत्पन्न त्याच्या दुरुस्तीस पुरेनासे झाले. सागवानी तुळया कुजल्या, कौले फुटली, पावसाचे पाणी भिंतींत मुरले. वारसांची संख्या वाढत गेली आणि जमिनीची किंमत वाड्याच्या किमतीच्या कित्येक पटींनी चढली. अशा स्थितीत मालकाने वाडा पाडून त्या जागी इमारत उभारावी, यात नवल नाही. महानगरपालिकेने वारसा-वास्तूंची यादी तयार केली आहे. तथापि अशा यादीत मुख्यतः गुणवैशिष्ट्याने उठून दिसणाऱ्या वास्तू येतात. सामान्य कुटुंबांचे दोन चौकी किंवा एक चौकी वाडे, ज्यांच्यामुळे पेठेला पेठपण आले, ते बहुतांशी यादीबाहेर राहतात. जी वास्तू खाजगी आहे आणि जीत राहणे धोक्याचे झाले आहे, ती केवळ इतिहासाच्या प्रेमाखातर राखावी असे तिच्या मालकास सांगण्याचा नैतिक अधिकारही सहजासहजी कोणास पोचत नाही.

मंडळाचे कार्य कोठे सुरू होते

सर्व वाडे वाचविणे शक्य नाही हे एकदा मान्य केले म्हणजे स्थानिक मंडळाच्या कार्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. वाडा रिकामा होणे आणि तो पाडला जाणे यांमध्ये काही आठवड्यांचा अवधी असतो. याच अवधीत फडताळे, कोनाडे आणि माळे रिकामे केले जातात. तांब्यापितळेची भांडी वाटून घेतली जातात, लाकूड विकले जाते आणि रुमालात बांधलेले कागद रद्दीत जातात. या वेळी तेथे जाणकार मनुष्य उपस्थित असेल तर तीन गोष्टी साधतात. वाड्याचे खण मोजून नकाशा काढता येतो. कागद ज्या रुमालात, ज्या क्रमाने होते त्या क्रमासह ठेवीत घेता येतात. घरातील वृद्ध व्यक्तीची हकीकतही टिपून ठेवता येते. तिन्ही नोंदी एकाच जागेच्या नावाखाली राहिल्या म्हणजे वाडा पडला तरी त्याची साक्ष पडत नाही.

येथे संग्राहक आणि संशोधक यांच्या वृत्तीतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. संग्राहक रुमालातील प्रसिद्ध पुरुषाचे पत्र उचलतो आणि किराण्याचा हिशेब टाकून देतो. पेठेच्या इतिहासाच्या दृष्टीने तो हिशेबही तितक्याच योग्यतेचा असतो, कारण दर, दुकानदार आणि शेजारी यांची नावे त्यातच सापडतात. क्रमातून सुटलेले पत्र कितीही मौल्यवान असले तरी ते कोणत्या घरातून आले हे सांगू शकत नाही.

मिळालेला कागद वाचता येणे ही पुढची अट होय. मोडी लिपीबरोबर जुनी कालगणनाही अवगत असावी लागते. कागदावर ‘सलास सितैन मया व अलफ’ असे वर्ष असले तर ते शुहूर सन ११६३ होय, आणि त्यात ५९९ मिळविले असता १७६२-६३ हे इसवी वर्ष निघते. ही विद्या शाळा-महाविद्यालयांच्या नित्य अभ्यासक्रमात नाही. मंडळाने चालविलेल्या मोडीच्या वर्गांचे महत्त्व यावरून ध्यानी यावे. कागद जपणारी संस्था वाचकही तयार करीत नसेल तर तिचा संग्रह कालांतराने सुरक्षित पण निरुपयोगी होईल.

पेठेतील रहिवासी आणि संशोधन मंडळ यांचे नाते शेवटी विश्वासाचे असते. ज्या घराने सात पिढ्या रुमाल सोडला नाही, ते घर तो परक्या हाती देते, तेव्हा आपले नाव आणि आपली जागा त्या कागदासोबत राहतील अशी त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्यास सूचीतील एक नेटकी ओळ पुरते : कोणत्या पेठेतील, कोणाच्या वाड्यातील, कोणत्या साली आलेला. ही ओळ लिहिली गेली, तर त्या जागी उद्या सात मजली इमारत उभी राहिली तरी तिच्याखाली कोणाचे जोते होते आणि त्याच्या चतुःसीमेस कोण नांदत होते, हे पुढील अभ्यासकास सांगता येईल.